रुकमासाठी भांडलेल्या बायका

मंडळी, आनंद मावत नाहीये, म्हणून लगेच लिहितेय.

माझ्या पहिल्या कादंबरीतले आमच्या बोलीतले संवाद प्रमाण मराठीत करा, असं प्रकाशक म्हणाले होते. मी ठाम नाही म्हटलं. आज गुडीहत्नूरला आमच्या गल्लीतल्या बायकांना त्यातलं एक प्रकरण वाचून दाखवलं. त्यात रुकमा लेकराला ठेवून नवऱ्याचं घर सोडते.

वाचन संपताच शेजारच्या काकू उसळल्या, "लेकराले सोडून काऊन गेली थे?"

"मंग काय मार खात राह्याचं तिनं?" माझी आई म्हणाली.

रुकमा खरीच असल्यासारख्या दोघी भांडत राहिल्या. मी अभिमानाने ऐकत बसले.

लिहिणाऱ्यांनो, ज्यांची बोली लिहिलीत, त्यांनाच पुस्तक आधी वाचून दाखवा. तुमच्या पात्रासाठी असं कोणी भांडलंय का?