एकाच सकाळी तीन वॉर्डांत

आरोग्य देखरेख समितीचं इतिवृत्त लिहिणं हे माझं काम. सात सदस्य, महिन्याला एक बैठक, दोनदा चहा. खरं सांगायचं तर त्यासाठी मला बैठकीत बसायचीही गरज नव्हती. ‘सविस्तर चर्चा झाली व समाधान व्यक्त करण्यात आले’ हे वाक्य मी आदल्या दिवशीच टाइप करून ठेवायचो. साथीच्या पहिल्या वर्षी, थंडीच्या तोंडावर, समितीत चार्टमावशी आल्या आणि माझी ही सोय गेली.

मावशी बस डेपोतून निवृत्त झालेल्या. तीस वर्षं त्यांनी ड्रायव्हर-कंडक्टरांचे ड्युटी चार्ट लावले, म्हणून डेपोभर त्यांना चार्टमावशी म्हणत. कोणाची सासू खरोखर आजारी आहे आणि कोणाची फक्त रजेच्या अर्जात आजारी पडते, हे त्यांना तोंडपाठ होतं. सकाळची गाडी ड्रायव्हरशिवाय उभी राहिली की प्रवासी शिव्या द्यायचे ते त्यांच्या खिडकीशी येऊन. त्यामुळे कागदावरच्या माणसाने गाडी हलत नाही, हे ज्ञान त्यांना फार लवकर झालं होतं. आमच्या समितीत ते कोणालाच नव्हतं.

नियमाप्रमाणे समितीत एक सामान्य नागरिक लागतो. ती जागा दोन वर्षं रिकामी होती, कारण अध्यक्षांच्या ओळखीत कोणी सामान्य नव्हतं. अध्यक्षांचं फर्निचरचं दुकान, त्यामुळे खुर्ची कशी टिकवायची हे त्यांना बरोबर कळायचं. जागा ताबडतोब भरा असं वरून पत्र आल्यावर त्यांना आपल्याच इमारतीतल्या, वरच्या मजल्यावरच्या मावशी आठवल्या.

“कधी पाण्यावरूनसुद्धा भांडल्या नाहीत,” ते मला म्हणाले. “शिवाय त्यांची सून त्याच रुग्णालयात सिस्टर आहे.”

घरचं माणूस तिथे नोकरीला, म्हणजे तोंडाला आपोआप कुलूप, असा त्यांचा अंदाज होता.

पहिल्या बैठकीला रुग्णालयाच्या अधीक्षकांनी ‘हिवाळी सज्जता आराखडा’ मांडला. अठ्ठेचाळीस पानं, पाच रंग. हवा खेळती ठेवा असं परिपत्रक असल्याने सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या, आणि सगळे सदस्य स्वेटर-मफलरात, मास्क लावून, एकेक खुर्ची सोडून बसलेले. थंडीत रुग्ण दुपटीने वाढतील, पण काळजीचं कारण नाही, असं अधीक्षक म्हणाले. एकशे ऐंशी परिचारिकांपैकी एकशे चौऱ्याहत्तर उपलब्ध. सत्त्याण्णव टक्के.

टाळ्या वाजल्या. हातमोज्यांमुळे त्यांचा आवाज मात्र आला नाही.

“उपलब्ध म्हणजे काय हो?” मावशींनी विचारलं. “नोकरीवर आहेत, की कामावर आहेत?”

अधीक्षक हसले. “एकच झालं ना.”

“आमच्याकडे एकच नव्हतं. मला एका महिन्याचे ड्युटी चार्ट दाखवाल का?”

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि चहा मागवला. बैठक संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. “चार्ट दाखवता येत नाहीत, असा एखादा नियम शोधून ठेव.”

मी शोधला. पंधरा वर्षांच्या नोकरीत समितीची नियमावली पहिल्यांदाच सबंध वाचली. तसा नियम नव्हता. उलट, सदस्याने मागितलेले कागद आठ दिवसांत द्यावेत, असं चौदाव्या कलमात स्वच्छ लिहिलेलं होतं. आता हे मला एकट्या अध्यक्षांच्या कानात सांगता आलं असतं. पण पुढच्या बैठकीत “काय रे, सापडला का नियम?” असं त्यांनीच सगळ्यांसमोर मोठ्या रुबाबात विचारलं, आणि मी कलम वाचून मोकळा झालो. त्यांची नजर अशी झाली की त्या दिवशीचा दुसरा चहा मी घेतलाच नाही.

पुढचं मावशींनीच मला नंतर सांगितलं.

चार्ट घरी आले. मावशींनी ते जेवणाच्या टेबलावर पसरले. त्यांचे यजमान निवृत्त बसड्रायव्हर. चष्मा नाकाच्या टोकावर ठेवून ते एकेक नाव मोठ्याने वाचायचे आणि मावशी रंगीत पेन्सिलीने खुणा करायच्या. अकरा तारखेच्या सकाळच्या पाळीपाशी काका थांबले.

“अगं, ही आपली सूनबाई तापाच्या वॉर्डात आहे.”

“असेल. तिथेच असते ती.”

“बाळंतिणींच्या वॉर्डातही आहे. आणि शस्त्रक्रियेच्याही.” काकांनी चष्मा काढून पुसला. “आपल्या लग्नापासून तू मला ऐकवत आलीस, की मी काय एका वेळी दोन ठिकाणी असणार? बघ, पोरीने करून दाखवलं.”

मावशी हसल्या नाहीत. अकरा तारीख त्यांच्या चांगली लक्षात होती. त्या दिवशी सून मागच्या खोलीत एकशे दोन तापाने फणफणलेली होती, आणि मावशी दाराबाहेर स्टुलावर ताट ठेवून, दार वाजवून लांब होत होत्या. म्हणजे पोर तीन वॉर्डांत तर नव्हतीच, स्वयंपाकघरापर्यंतही पोचत नव्हती.

त्यांनी ओळखीपाळखीत फोन फिरवून अकरा तारखेची ती एक पाळी पुरती उकलायला घेतली. चार्टवर बासष्ट नावं. त्यातली अकरा नुसती पुन्हा लिहिलेली, आधी एकदा येऊन गेलेली. नऊजणी आजारी. तिघी दुसऱ्या गावी बदलून गेलेल्या. आणि दोघी निवृत्त, त्यातली एक तर मावशींच्या बरोबरीने बागेत फिरायला यायची. काय गं, कामावर होतीस का, म्हणून विचारल्यावर ती म्हणाली, “अय्या, मला कोणी कळवलंच नाही!”

उरल्या सदतीस.

सुनेला हे कळलं तेव्हा ती घाबरली. “आई, तुम्ही काही बोलू नका. माझ्या नावावरून निघालंय म्हटल्यावर माझीच मान पकडतील. बदली तरी होईल, नाहीतर काहीतरी खुसपट काढतील.”

“बरं,” मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी चार्ट गुंडाळून कपाटावर टाकले. आपलेच दात, आपलेच ओठ. आठवडाभर घरात कोणी तो विषय काढला नाही.

मग एका दुपारी सून ड्युटीवरून आली, आंघोळ करून जेवायला बसली आणि नुसतीच ताटाकडे बघत राहिली. “आज चौतीस रुग्ण आणि मी एकटी,” ती म्हणाली. “एका म्हाताऱ्यांना पाणी हवं होतं. ‘येते हं बाबा’ असं मी म्हणाले, आणि पाणी घेऊन गेले ती दोन तासांनी. त्यांनी दोन्ही हातांनी ग्लास धरला फक्त.” तिने ताट बाजूला सारलं. “कुठेत ते कागद? बोला तुम्ही. नाव घ्यायचं तर माझं घ्या.”

तिसऱ्या बैठकीला मावशी एकच मोठा कागद घेऊन आल्या. नावं नव्हती, नुसते वॉर्ड, बासष्ट चौकोन, आणि त्यांतले पंचवीस काट मारलेले.

“अधीक्षकसाहेब, तुमचे बासष्टच्या बासष्ट कागदावर असतील. गाडीवर सदतीस आहेत. आणि ही गर्दी अजून दुप्पट व्हायची आहे, असं तुम्हीच म्हणालात.”

“अशक्य!” अधीक्षक म्हणाले. “चार्ट संगणकात भरलाय. संगणक कशाला खोटं बोलेल?”

“बासष्टमधली एक माझी सून आहे. एकाच सकाळी तीन वॉर्डांत. तेव्हा ती तापाने माझ्या घरी पडली होती.”

“तुमच्या घरची बाब सभेत आणू नका,” अध्यक्ष घाईघाईने म्हणाले.

“मी नाही आणली. ती चार्टात आली.”

तेवढ्यात मागच्या रांगेतून रुग्णालयाच्या मेट्रन, सगळ्या सिस्टरांच्या प्रमुख, उभ्या राहिल्या. त्यांना बैठकीला बोलावत असत, पण बोलू देत नसत. मास्कच्या वर दोन लाल डोळे तेवढे दिसत होते.

“ती नावं मी लिहिलीत,” त्या म्हणाल्या. “संगणकातल्या त्या चार्टाच्या फॉर्ममध्ये चौकोन रिकामा ठेवला की तो पुढेच जात नाही. ‘कृपया सर्व रकाने भरा’ म्हणतो. पहिले चार दिवस मी फोन करून सांगितलं की माणसंच नाहीत. तर वरून उत्तर आलं, माणसं नंतर बघू, आधी रकाने भरा. मग भरले. जी पोर पटकन आठवली तिचं नाव घातलं.” त्यांनी मास्क वर ओढला. “रोज तासभर चार्ट भरत बसायचं. तेवढ्यात मी एक वॉर्ड सांभाळला असता.”

खिडक्या उघड्या असूनही खोलीत हवा नव्हती. झाकली मूठ उघडली होती आणि सगळे एकमेकांच्या मुठींकडे बघत होते. अध्यक्षांनी एक उपसमिती नेमली. पण त्या दिवशी बैठकीला एक वार्ताहर आला होता. तो दर वेळी चहापुरता यायचा. या वेळी शेवटपर्यंत थांबला.

बातमी छापून आली आणि आठ दिवसांत कितीतरी गोष्टी शक्य झाल्या. शाळा बंद असल्याने घरी बसलेल्या शालेय आरोग्य विभागाच्या चौदा परिचारिका रुग्णालयात आल्या. निवृत्तांपैकी आठजणी आल्या, त्यात ती बागेतली मैत्रीणही होती. या वेळी तिला रीतसर कळवलं होतं. उद्घाटनासाठी तयार असलेला नवा वॉर्ड माणसांअभावी उघडायचा नाही असं ठरलं. अध्यक्षांची त्यावर फीत लावून झाली होती, ती सोडून ठेवावी लागली. ‘गैरप्रकार आम्हीच उघडकीस आणला’ असं सांगत त्यांनी फोटो काढून घेतला. मावशी त्या फोटोत आहेत, डाव्या कडेला, अर्ध्या.

आणि सुनेला कारणे दाखवा नोटीस आली: ‘आपण अकरा तारखेस एकाच वेळी तीन वॉर्डांत हजर कशा होतात, याचा खुलासा तीन दिवसांत करावा.’

काकांनी खुलासा सांगितला, सुनेने लिहिला: ‘मी एकाही वॉर्डात हजर नव्हते. घरी तापाने आजारी होते.’

चार दिवसांनी दुसरी नोटीस: ‘सबब, आपण तीन वॉर्डांत विनापरवानगी गैरहजर का राहिलात, याचा खुलासा करावा.’

“एका माणसाची तीन वेळा गैरहजेरी!” काका म्हणाले. “डेपोत असं असतं तर मी कधीच बडतर्फ झालो असतो.” सून हसता हसता रडायला लागली. मावशींनी दोन्ही नोटिसा पर्समध्ये घातल्या आणि चौथ्या बैठकीत, चहाच्या आधी, सावकाश वाचून दाखवल्या. मी त्या शब्दशः इतिवृत्तात उतरवल्या. स्वतःचा एक शब्दही घालावा लागला नाही. इतिवृत्त वर गेलं, आणि आमच्या इतिहासात प्रथमच ते कोणीतरी वाचलं असावं, कारण आठवड्याच्या आत नोटिसा रद्द झाल्या आणि फॉर्ममध्ये ‘कोणी नाही’ असा नवा पर्याय आला. मेट्रननी तो पहिल्याच दिवशी एकोणीस वेळा वापरला.

हिवाळा वाईटच गेला. बावीस बायांनी साथ थांबत नाही. पण आता आकडे खरे होते, म्हणून माणसं मागता येत होती. आणि मागितल्यावर कधीमधी मिळतही होती. गर्दी ओसरल्यावर समितीची मुदत संपली. नवी समिती झाली तेव्हा अध्यक्ष तेच राहिले. सामान्य नागरिकाच्या जागी त्यांचे मेहुणे आले. ते खरोखरच फार सामान्य आहेत. मी मात्र आता बैठकीला बसून लिहितो.

नवी समिती नेमल्याचं, म्हणजे मावशींची मुदत संपल्याचं पत्र त्यांना द्यायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. सुनेला तीन महिन्यांनी पहिली साप्ताहिक सुट्टी मिळाली होती. भर दुपारी साडेबारा वाजता मी जिना चढून वर गेलो, तर मावशी दाराबाहेर खुर्ची टाकून बसलेल्या. मी बेलकडे हात नेला तशी त्यांनी माझं मनगटच धरलं.

“पोर झोपलीय,” त्या कुजबुजल्या. “आवाज करशील तर खबरदार.”

मग त्यांनी पत्र घेतलं, वाचलं, घडी करून त्यानेच वारा घेत बसल्या, आणि जिन्यात पावलं वाजली की ओठांवर बोट ठेवून खाली डोकावू लागल्या.