आजोबांच्या खोलीचा विमा

मुलांनो, आजोबांच्या जुन्या संगणकांचा विमा मी का उतरवला नाही, असं परवा तुम्ही फोनवर विचारलंत. तुमचे बाबा याला माझा हट्ट म्हणतात. तो होताच. पण त्याचं कारण मी त्यांना कधी सांगितलं नाही, आणि आता लिहिलं नाही तर ते माझ्याबरोबरच जाईल.

उदारीकरणानंतर पुण्यातल्या कंपन्या दर दोन-तीन वर्षांनी संगणक बदलू लागल्या. त्यांनी टाकून दिलेले संगणक आजोबा घरी आणायचे, सुटे भाग बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत शोधायचे. वारज्याच्या या फ्लॅटची मागची खोली त्यांनी भरून टाकली. रविवारी सकाळी अंघोळ झाली की ते प्रत्येक यंत्र थोडा वेळ सुरू करत. "बंद ठेवलं की मरतं गं," म्हणायचे. मी इंग्रजीची शिक्षिका. धूळ पुसण्यापलीकडे माझं तिथे काम नव्हतं.

ते गेले. त्यानंतर एका रविवारी मी आत जाऊन सर्वांत जुन्या यंत्राचं बटण दाबलं. त्याच्यातलं घड्याळ कधीच बंद पडलं होतं, त्यामुळे सुरू झालं की ते आधी आजची तारीख विचारायचं. हिरवी अक्षरं उमटली आणि यंत्र उत्तरासाठी थांबलं. यंत्राच्या काचेत माझ्यामागची त्यांची खुर्ची दिसत होती. मी तारीख लिहिली. मागे वळून बघायला मात्र बराच वेळ लागला.

मग दर रविवारी तेच.

तुमच्या बाबांना चोरीची, आगीची काळजी. त्यांनी तिकडून फोनाफोनी करून विमा कंपनीचा माणूस पाठवला. भला मुलगा होता.

"काकू, बाजारात यांना किंमत नाही हो."

"मग हप्ता कशाचा घेणार आहात?"

तो हसला. जुनी यंत्रं जमवणारे हौशी लोक देतात त्या किमतीवर विमा होईल म्हणाला. अट एकच: खोलीची वीज तोडायची, यंत्रं पुन्हा सुरू करायची नाहीत. आतल्या वायरी जुन्या, कधीही पेटतील. त्याचं काही चुकत नव्हतं.

"आई, कर ना सही," तुमचे बाबा फोनवर म्हणाले. "वस्तू तरी सुरक्षित राहतील."

"वस्तू राहतील रे," मी म्हटलं.

सही करायचीच, असं ठरवून मी त्या रविवारी शेवटचं म्हणून बटण दाबलं. यंत्राने तारीख विचारली. आजोबा गेल्याचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ते त्यांनाच विचारत होतं. वीज तोडली असती, तर या घरात त्यांची वाट पाहणारी मी एकटी उरले असते.

मी सही केली नाही.

पुढे एकातून धूर निघाला आणि खोलीचा पडदा जळाला. अर्थातच भरपाई मिळाली नाही. काही यंत्रं नुसतीच गप्प झाली. ती मी अजून पुसते. आज चार सुरू होतात.