ओटीवरची होडी

मी सुतारकामाचं रीतसर शिक्षण घेतलेला माणूस आहे. लाकडाला हे ठाऊक नाही, एवढीच अडचण आहे.

मास्तरकीच्या ट्रेनिंगात आम्हाला आठवड्यातून दोन तास सुतारकाम असे. त्यात मी एक चौरंग केला होता. तो तीन पायांवर उभा राही, चौथा पाय नुसता सोबतीला असे. तेवढ्यावर गोष्ट संपायची. पण मिठाचा सत्याग्रह होऊन गेला आणि आपल्या हातांनी काहीतरी करावं अशी हवा आमच्या गावापर्यंत येऊन पोचली. कोणी टकळी घेतली, कोणी चरखा घेतला, आमच्या शाळेचे हेडमास्तर घरी साबण करू लागले (तो लावल्यावर तो धुवायला दुसरा साबण लागे!). मी रंधा घेतला. दिघीच्या खाडीपासून कोसभर आत आमचं घर. घरात मी, आई आणि धाकटी बहीण यमू. वडील वारलेले. कुटुंब पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेलं, त्यामुळे मला वेळीच आवरणारं कोणी उरलं नव्हतं.

हत्यारांना घरात जागा नव्हती, म्हणून ती सगळीकडे असत. पटाशी तांदळाच्या कणगीवर, करवत देवघराच्या खुंटीला, स्क्रू तुरीच्या डाळीच्या डब्याशेजारी आणि कधी कधी आत. एके दिवशी आई पानावरून ओरडली,

"अरे, आमटीत खिळा निघाला!"

"किती इंची?" मी विचारलं. (मी सकाळपासून एक दोन इंची खिळा शोधत होतो.)

यावर आईने मला जे ऐकवलं ते शाळामास्तराने कागदावर लिहू नये. शेवटी ती म्हणाली, "हे तुझं लोखंड-लाकूड सगळं एका जागी ने. ओटीचा उत्तरेचा कोपरा घे. पण एक लक्षात ठेव. दसरा झाला की हरिहरेश्वराकडची माणसं यमूला बघायला येणार आहेत. कडक सोवळ्याचं घराणं आहे. त्या दिवशी ओटी मला आरशासारखी लख्ख हवी!"

यमूला दाखवण्याची ही तिसरी खेप होती. पहिल्यांनी 'कळवतो' म्हणून सांगितलं आणि कळवलं नाही. दुसऱ्यांनी 'कळवतो' एवढंसुद्धा सांगितलं नाही. यमूला सतरावं सरत आलं होतं आणि विहिरीवरच्या बायका तिचं वय तिच्यासमोरच बोटांवर मोजत. वडिलांच्या माघारी ही जबाबदारी माझी, हे मला कळत होतं. तिच्या काळजीने माझ्या घशाखाली घास उतरत नसे, हे खरंच सांगतो. पण हत्यारांसाठी करून घ्यायचं टेबलही डोक्यातून उतरत नव्हतं, हेही खरंच आहे.

टेबलाचं चित्र एका इंग्रजी पुस्तकात होतं. एक साहेब ताठ उभा राहून फळी रंधतो आहे, फळी टेबलाच्या चिमट्यात पकडलेली, आणि खाली छत्तीस खण! खिळ्यांना खण, स्क्रूंना खण, काही सुचलंच तर त्यालाही खण. गावच्या सुताराने चित्र पाहिलं, "मी नांगर करतो," असं म्हणाला आणि निघून गेला. मग मी बंदरावरच्या दाऊदमिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बांधलेली गलबतं थेट मलबारपर्यंत जात. नारळी पुनव होऊन सगळ्या होड्या पाण्यात गेल्या होत्या, त्यामुळे ते मोकळे होते. त्यांनी चित्र बराच वेळ न्याहाळलं.

"मास्तर, ह्यो मानूस उभा का हाय?"

"काम करतोय."

"उभ्यानं? मग लाकूड कोन धरतो?"

"टेबलाचा चिमटा."

"का? त्याला पाय न्हायत?"

आमच्याकडचे मिस्त्री जमिनीवर बसून काम करतात आणि फळी पायांनी धरतात. दाऊदमिस्त्रींच्या पायाची बोटं तर माझ्या हातांपेक्षा कामसू होती. तरी मी त्यांना उभ्याने काम करण्याचं शास्त्र समजावून सांगितलं. चांगलं अर्धा तास सांगितलं. ते सगळं ऐकून घेतल्यावर ते कंबर धरून खाली बसले.

"मिस्त्री, तुम्ही होडी कशी पक्की करता, तसं पक्कं करा," मी म्हणालो. "होडीला जे जे करता, ते ते सगळं करा. काही म्हणता काही कमी नको!"

"सगळं?"

"सगळं!"

"मास्तर, तुमच्या घरात? सगळं करू?"

मला राग आला. मास्तराच्या घराला पक्कं काम पेलणार नाही असं यांना वाटतं की काय! "आमचं घर काय झालं? विचारत बसू नका. सगळं म्हणजे सगळं!"

"बरं," दाऊदमिस्त्री म्हणाले. "पन मागाहून बोलायचं न्हाय."

पहिल्या दिवशी ओटीवर लाकडं आली. सगळी वाकडी.

"मिस्त्री, टेबल सरळ असतं."

"सरळ फळी लाटंला फुटते."

"ओटीवर लाट कुठून येणार?"

"दर्याचं काय सांगावं, मास्तर!"

मग टेबलाला चारी बाजूंनी चार बोटं उंच कठडा आला, बोट कलली तर सामान खाली जाऊ नये म्हणून. सामान खाली जात नव्हतं हे कबूल, पण फळीही वर सरकवता येत नव्हती. छत्तीस खणांना आतून खुंट्या आल्या, वादळात खण उघडू नयेत म्हणून. ते शांत हवेतही उघडत नसत. खण आधी वर उचलायचा, मग डावीकडे दाबायचा, मग देवाचं नाव घेऊन ओढायचा. मला छत्तीसांपैकी अकरा उघडता आले (त्यातले चार परत बंद झाले नाहीत). शेवटी मिस्त्रींनी टेबल घराच्या दोन खांबांना लाकडी खुंट्या मारून असं जखडून टाकलं, की घर पडलं असतं पण टेबल उभं राहिलं असतं. त्यावर उभं राहून काम करायला गेलो तर कठडा नेमका बरगडीत लागे. मिस्त्री स्वतः मात्र टेबलावर चढून, मांडी घालून, पायांत फळी धरून आनंदाने रंधत.

"दादा, शीड कधी लावणार?" यमूने विचारलं.

"टेबल आहे हे!"

"हो का? मग नांगर तरी टाकून ठेव."

पाहुणे दोन दिवसांवर आले. मी शाळेत गेलो, कारण शेवटचा हात फिरवायचं काम मिस्त्री एकटेच करणार होते. संध्याकाळी परत येताना गल्लीच्या तोंडाशीच मला वास आला. मासळीचा उग्र वास. कोणाच्या तरी अंगणात सुकट घातली असावी. 'काय ही घरं! शेजाऱ्यापाजाऱ्यांचा काही विचार नाही,' असं म्हणत मी नाकाला उपरणं लावून चालू लागलो. जसजसा पुढे गेलो तसतसा वास वाढला. आमच्या अंगणात शिरायच्या बेड्याशी सात मांजरं बसली होती.

आई अंगणात तुळशीपाशी नाकाला पदर लावून उभी होती. तिच्या तीन आंघोळी झालेल्या होत्या. ओटीवर दाऊदमिस्त्री हातात फडकं घेऊन समाधानाने टेबलाकडे बघत होते. टेबल काळंभोर चकाकत होतं.

"मिस्त्री! हे काय लावलंत?"

"मुशीचं तेल. काळजाचं. मोठ्या गलबताला दोन हात देतो, तुमच्या टेबलाला तीन दिले. खनांना आतून पन!"

मुशी म्हणजे दोन पुरुष लांबीचा मासा! आणि त्याच्या काळजाचं तेल आमच्या ओटीवर, जिथे कांदा आणायलासुद्धा आईची परवानगी लागे!

"अहो, विचारायचंत तरी!"

"इचारलं ना," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "दोनदा इचारलं. तुम्हीच म्हनालात, सगळं म्हंजे सगळं."

विचारलं होतं. माझा संताप टोकाला गेला होता आणि तो काढायला माझ्याखेरीज कोणी सापडत नव्हतं.

"बरं, वास कधी जाईल?"

"जाईल कशाला? चांगलं तेल हाय. दोन पावसाळे ऱ्हाईल!"

"मग टेबल तरी मोडून बाहेर काढा!"

"व्हय, काढतो की. होडी मोडायची तर आठ दिस लागतात."

पाहुण्यांना निरोप धाडावा तर वाटेत मुक्काम करत येणारी ती मंडळी घरून निघालेलीसुद्धा होती. आत माजघरात बसवावं तर आत जायला वाट ओटीवरूनच! मग उपाय सुरू झाले. टेबलाला राख चोळली, चिंच चोळली, शिकेकाई चोळली. लाकूड आणखी चकाकू लागलं. ओटी दोनदा सारवली. धूप जाळला, ऊद जाळला, केवडा आणून टांगला. त्यानंतर देवळाच्या गाभाऱ्यात मासळी बाजार भरावा तसा वास येऊ लागला. त्यात आश्विनातलं ऊन असं की तेल पाझरून जमिनीवर ठिपकू लागलं. मी करवत घेऊन एक खुंटी कापायला गेलो. करवत मोडली. मांजरं चौदा झाली. त्यांतली दोन आगरदांड्याहून खाडी ओलांडणाऱ्या तरीत बसून आली असावीत, असं यमूचं म्हणणं पडलं.

आईने चूल परसात नेली. तिथेच तिने डोळ्यांना पदर लावला. "हे असते तर असं होतं का रे?" एवढंच म्हणाली. यमू नुसती तांदूळ निवडत राहिली. ती बोलली असती तर बरं झालं असतं. मला स्वतःची अशी लाज वाटली की टेबलाच्या एखाद्या खणात शिरून बसावंसं वाटलं. पण खण उघडला असता तर ना!

पाहुणे आले. मुलाचे वडील नानासाहेब, कपाळाला गंध, पाठीला कणा नव्हे तर मुसळ. मुलगा विश्वनाथ मुंबईत कुठल्याशा कचेरीत होता, तो आगबोटीने मुद्दाम आला होता. टेबलावर मी घरातलं सर्वांत मोठं जाजम टाकून ठेवलं होतं. नानासाहेब बसले, त्यांनी एकदा श्वास घेतला आणि सोडायचा विसरले.

"खाडी जवळच आहे वाटतं?"

"हो हो! अगदी जवळ! वारा सगळा तिकडूनच!"

नानासाहेबांनी अंगणातल्या माडांकडे पाहिलं. झावळ्या खाडीकडे झुकल्या होत्या. "वारा तर डोंगराकडून आहे."

तेवढ्यात जाजम हललं आणि आतून "म्यांव" झालं.

"घरात लहान मूल आहे का?"

"नाही... म्हणजे होणार आहे."

जाजमाखालून एक मांजर बाहेर आलं. मागोमाग दुसरं. तिसऱ्याने जाजमाचा कोपराच ओढून खाली आणला. नानासाहेब उठून जवळ गेले.

"हे काय आहे?"

"टेबल," मी म्हणालो. "उभ्याने काम करण्याचं. साहेब लोकांमध्ये असं शास्त्र आहे की..."

"याला मासळीचा वास येतोय."

"छे छे! ते... लाकूडच तसल्या जातीचं आहे!"

याच वेळी यमू पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली. अशा वेळी मुलीने खाली मान घालून बसावं, विचारलं तर नाव सांगावं, एवढाच तिचा भाग असतो. यमूने बशा ठेवल्या आणि सरळ नानासाहेबांकडे पाहिलं.

"दादा खोटं बोलतोय," ती म्हणाली. "वारा डोंगराकडूनच आहे. टेबलाला मुशीचं तेल लावलंय, होड्यांना लावतात ते. मिस्त्रींनी दोनदा विचारलं होतं, यानेच ऐकलं नाही. आमच्या घरात मासा कधी आलेला नाही. आईने दोन दिवस परसात चूल मांडली आहे, पोहे तिकडे केलेत, खुशाल खा. आणि मी पसंत नसेन तर आत्ताच सांगा. 'कळवतो' म्हणू नका. आई मग रोज पोस्टमनची वाट बघत दारात उभी राहते."

आईने दारामागे डोळे मिटून घेतले. मी मांजरांकडे बघत होतो, कारण दुसरीकडे कुठे बघायचं धैर्य नव्हतं. आणि एकदम विश्वनाथ खो खो हसत सुटला! हसता हसता त्याला ठसका लागला, यमूने पाणी दिलं, तो पुन्हा हसला. त्याने पोहे दोनदा मागून घेतले. नानासाहेबांनी मात्र चेहऱ्यावरची सुरकुतीही हलू दिली नाही. निघताना म्हणाले, "चार दिवसांत पत्र टाकतो. नक्की टाकतो."

ते चार दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. आई माझ्याशी बोलत नव्हती. जेवायला वाढलं की भांडं आपटत असे, त्यावरून पान मांडलंय हे मी ओळखायचं. पाचव्या दिवशी पत्र आलं. आईने ते यमूच्या हातात दिलं आणि यमूनेच ते मोठ्याने वाचलं.

"मुलगी पसंत आहे. खरं बोलणारं माणूस आमच्या घरात हवंच होतं. देण्याघेण्याचं काही नको. फक्त एक अट आहे. मुलीच्या बंधूंनी आमच्याकडे केव्हाही यावं, चार दिवस राहावं, घर त्यांचंच आहे. मात्र येताना हत्यारं आणू नयेत."

आईने मला न विचारता ती अट तिथल्या तिथे मान्य केली, आणि त्याच दिवसापासून ती आमच्या घरालाही लागू केली!