दातांनी ऐकलेली तुळई

माझे वडील सुतार. मी परकरात होते तेव्हा त्यांना हिवतापानं गाठलं. पोस्टातून आणलेल्या कोयनेलच्या पुड्यांनी ताप गेला, पण जाताना वडिलांचे कान घेऊन गेला.

पुढं माझ्या सासरी, सुलतानपूरला, आमचं घर उठत होतं आणि सुतारकामाला वडीलच आले होते. जंगलखात्याच्या लिलावातली सागाची तुळई अंगणात येऊन पडली होती. धाब्याचं घर, वरची सगळी माती तिच्यावर येणार. आत ओल राहिली तर ती हमखास वाकणार. म्हणून चढवण्याआधी सुतार लाकडाला कान लावतो आणि कुणीतरी खिळ्यानं ते खरवडतं. वाळलेल्या लाकडातून आवाज खणखणीत येतो, ओल्यातून दबका.

"बहिऱ्याले काय आयकू येते? दुसरा सुतार पाहा," थोरले दीर म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लेकीच्याच दारातून परत पाठवलं असतं, तर या माणसानं पुन्हा हत्यार हातात धरलं नसतं. मला ते पक्कं ठाऊक होतं.

दिरांच्या तोंडाकडे पाहूनच वडिलांना कळलं असावं. त्यांनी एक कोरडी खुंटी दातांत घट्ट धरली, तिचं टोक तुळईला टेकवलं आणि मला खूण करून डोळे मिटले. मी दुसऱ्या टोकापासून खिळ्यानं खरवडत पुढं सरकू लागले. मधोमध आले तसा त्यांनी हात वर केला.

"इथं आवाज दबून राह्यला. ओल हाय."

वरून तर लाकूड चुलीपुढच्या पाटासारखं कोरडं होतं. दिरांनी स्वतः गिरमिट फिरवून तिथं भोक पाडलं. आधी भुसा उडाला, मग तो बोटांना चिकटायला लागला. तो चोळत दीर म्हणाले, "उन्हाळाभर वाळू द्या. मंग यायलेच बलावू."

मी मात्र थक्क झाले होते. इतकी वर्षं ज्यांच्याशी हातवारे करून बोलले, त्यांना दातांनी ऐकू येतं! एकदम मनात आलं, खिळ्याचं पोचतं तर माझं का नाही पोचणार? वडिलांना खुंटी पुन्हा धरायला लावली, पदर सावरला, हनुवटी तुळईवर दाबली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून हाक मारली, "बा!"

त्यांनी डोळे उघडले. पुन्हा, अशी खूण केली. मी पुन्हा हाक मारली.

मग त्यांनी खुंटी दातांतून काढली.

"तुहा आवाज तं तुह्या मायवानी झाला वं," ते म्हणाले.