खालचा नंबर

शिरोलीच्या सकाळच्या बसमध्ये एक वयस्कर गृहस्थ रोज माझ्या शेजारी बसायचे. त्यांच्यासाठी मी 'पावणं' होतो आणि तेवढ्यावर आमचं भागायचं. चष्मा कपाळावर, मोबाईल हातभर लांब. आलेला प्रत्येक मेसेज ते पुटपुटत वाचायचे, शेवटचे जोडलेल्या हातांचे इमोजीसुद्धा: "हात, हात, हात."

एकदा मला मेसेज आला. लहान मुलीचं ऑपरेशन, तातडीने रक्त हवं, खाली नंबर. मी तो लगेच तीन ग्रुपवर टाकला. त्यांनी डोकावून विचारलं, "फोन लावलासा काय?"

"नाही."

"मी दरवर्षी लावतोय. हितनंच. पोरगी आता कॉलेजला हाय, मेसेज अजून आयसीयूतच हाय."

"माहीत असून परत कशाला लावता?"

"मेसेज त्योच, पण कुणी खाली आपला नंबर घातला असला तर? त्याची पोरगी खरंच दवाखान्यात असली तर?"

पुढच्या वर्षी त्यांची जागा रिकामी दिसू लागली. रिटायर झाले असतील, असं मी धरून चाललो. मग तोच मेसेज पुन्हा आला. नंबरही तोच. तरी मी बसमधूनच फोन लावला.

"बरी हाय ती," मी बोलायच्या आत पलीकडून आवाज आला. माझ्या मागे कंडक्टरची घंटी वाजली, तसा तो माणूस थांबला. "दरवर्षी असंच बसमधनं एकजण फोन करत्यात, पार वरडून. यंदा न्हाई आला. बरं हाईत न्हवं ते?"

मी त्यांचं नाव विचारलं. त्यालाही माहीत नव्हतं.