पाणी न लागणारी बॅटरी

हरिभाऊ गेल्याचा फोन त्यांच्या पुतण्याने केला, तेव्हा मी रेवसच्या खाडीत आमच्या होडीवर एकटाच बसलो होतो. रविवार होता आणि करायला काही काम नव्हतं. फोन ठेवल्यावरही तसाच बसून राहिलो... रडू आलं नाही. नुसता थकवा आला, आणि महिना उलटला तरी तो उतरलेला नाही.

ती लहानशी शिडाची होडी आम्हा दोघांची. मी अलिबागला शाळामास्तर, हरिभाऊ लाँचवर इलेक्ट्रिशियन. निवृत्त झाल्यावर हा उद्योग मागे लावून घेतला. शिडं माझी, छोट्या इंजिनाच्या आणि दिव्यांच्या बॅटऱ्या त्यांच्या, अशी वाटणी आपोआप पडली. दर रविवारी सकाळी ते बॅटऱ्यांची बुचं उघडून डिस्टिल्ड वॉटर घालायचे, टोकांवरचा पांढरा क्षार पुसून व्हॅसलीन लावायचे. खंडेनवमीला पान्या-पकडींबरोबर बॅटऱ्यांनाही हळदकुंकू आणि झेंडू. पावसाळ्यात होडी वर ओढली की दोन्ही बॅटऱ्या चिखलातून खांद्यावर घेऊन घरी न्यायचे आणि होडी पुन्हा पाण्यात जाईपर्यंत जपायचे. मला हात लावू देत नसत. "मास्तर, तुम्ही ॲसिड सांडाल," म्हणायचे. एकदाच सांडलं होतं, पण ते मी जन्मभर ऐकून घेतलं.

मग त्यांच्या हृदयात स्टेंट बसवला. डॉक्टरांनी वजन उचलायला साफ मनाई केली, तरी त्या जूनमध्ये हा माणूस बॅटरी खांद्यावर घेऊन गुडघाभर चिखलात उभा, ओठ काळेनिळे. मी घाबरलो. म्हटलं, आता लिथियमची बॅटरी घेऊ. वजन निम्म्याहून कमी, पाणी नको, पावसाळ्यात घरी न्यायला नको. ते वर्षभर टाळत राहिले. चार्जर बदलावा लागेल, बॅटरी भरणारा इंजिनावरचा अल्टरनेटर तापेल... सगळं खरंच होतं. शेवटी मी चिडलो, तेव्हा म्हणाले, "तिला पाणी लागत न्हाय, काय लागत न्हाय. मंग मी तिथं येऊन काय करू?"

मी ते हसण्यावारी नेलं. उभा जन्म पोरांचे चेहरे वाचण्यात गेला, आणि समोरच्या माणसाचं सरळ वाक्य मला कळलं नाही.

नारळी पौर्णिमेच्या आधी मी लिथियम बसवून घेतली. हरिभाऊंनी जोडणी तपासली, "चांगली हाय," म्हणाले आणि हात पुसले. पुढचे दोन रविवार आले. मी दोऱ्या आवरत होतो, ते बाकावर नुसते बसून. तिसऱ्या रविवारी आले नाहीत. मला बरंच वाटलं, विश्रांती घेत असतील. मीही बोलावलं नाही. आजारी माणसाला त्रास कशाला, हे माझं शहाणपण.

तेराव्यानंतर त्यांच्या घरी गेलो. शेवंतावहिनींनी पडवीतली खुर्ची पुढे केली.

"बसा भावजी. हे दर रविवारी हितंच बसायचे. सातला आंघोळ करून, पिशवीत पाना-पक्कड घालून."

"कशासाठी?"

"तुमचा फोन यील म्हणून. म्हणायचे, नवी वस्तू हाय, कायतरी बिघडंलच. मास्तरला जमायचं न्हाय."

"किती वाजेपर्यंत बसायचे?"

"जेवायला हाक मारीपर्यंत."

वहिनी चहा आणायला आत गेल्या. मी खुर्चीच्या कडेवर बसलो, नीट टेकवेना. होडीवर काहीच बिघडलं नव्हतं, आणि बिघडलंय असं खोटंच सांगून एक फोन करावा, एवढं मला सुचलं नव्हतं.