गावात एकच मत

टोकियोच्या ऑफिसात माझ्या शेजारी एक ग्रीक अभियंता बसायचा. त्याच्या गावात पक्ष दोन आणि कॉफीची दुकानंही दोन. वडील आयुष्यभर आपल्या पक्षाच्या दुकानात बसले. समोरच्या दुकानातलं पाणीही प्यायले नाहीत.

निवडणूक आली. परदेशातून मत देण्याची सोय नव्हती, म्हणून हा रजा टाकून निघाला.

"एका मतासाठी दोन विमानं बदलणार?" मी हिशेबी माणूस, विचारलंच.

"नव्या पक्षाला देतोय. देशभरात तीन टक्के मिळाले तरच तो संसदेत जाईल."

"आणि वडील?"

"गुप्त मतदान आहे. त्यांना कसं कळणार?"

मलाही ते पटलं. दोघांनी मिळून टक्केवारीचं गणित मांडलं, गावातली मतं मात्र मोजली नाहीत.

इथल्या रीतीप्रमाणे तो सगळ्यांसाठी खाऊ घेऊन परतला. पक्ष तीन टक्क्यांपुढे गेला होता. मी अभिनंदन केलं.

"कसलं अभिनंदन! आमच्या गावात त्या पक्षाला एकच मत पडलं. मत द्यायला बाहेरून आलेला मी एकटाच, म्हणून दुकानात सगळ्यांनी वडिलांकडेच पाहिलं."

"मग आता ते कॉफी कुठे घेतात?"

"घरी, दिवसभर. आई म्हणते, एक तर इथे येऊन तिसरं दुकान काढ, नाहीतर यांना जपानला घेऊन जा."